बी विंग, सातशे चार

त्या बॅनरची आठवण झाली की आजही माझं डोकं फिरतं. 'तुमची माहिती, फक्त तुमची' असं त्यावर छापलेलं होतं, आणि तो धरून फोटोत मीच उभा होतो.

तेव्हा पोलिसातून माझ्या निवृत्तीला वर्षभर उरलं असेल. नायगावच्या एका टॉवरमध्ये महिला सुरक्षेचा कार्यक्रम झाला. अनोळखी लोकांपासून आपला नंबर लपवणारं एक मोफत ॲप होतं. ते काढणाऱ्या कंपनीने बॅनर लावला, चहा-नाश्ता दिला आणि मी माइकवरून बायकांना ॲप घ्यायला सांगितलं.

दोन महिन्यांनी त्याच इमारतीच्या वॉचमनचा आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. सातव्या मजल्यावर कोणीतरी दार तोडत होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा कडी निखळली होती आणि आत एक बाई आठ वर्षांच्या मुलीला पोटाशी धरून बाथरूममध्ये बसली होती. दार तोडणारा तिचा नवरा. मारहाणीला कंटाळून ती घर सोडून आली होती आणि पत्ता तिने आईलाही दिला नव्हता.

गुन्हा दाखल झाला, अटक झाली. पण जामिनावर सुटला की तो पुन्हा येणार हे उघड होतं. पत्ता कसा फुटला हे कळल्याशिवाय तिने घर बदलूनही उपयोग नव्हता. गेटचं रजिस्टर वॉचमनकडे, म्हणून मी आधी त्यालाच दोन तास फैलावर घेतलं. ज्याने खबर दिली त्यालाच रडकुंडीला आणलं, याची मला आजही लाज वाटते.

मग नवऱ्याची चौकशी केली. बायकोने मुलीच्या दाखल्यासाठी जुन्या शाळेत नव्या नंबरवरून फोन केला होता. तो नंबर त्याने शाळेतून काढला आणि त्याच ॲपची पैसे भरून मिळणारी सोय घेऊन त्यात टाकला. लोकांनी तो नंबर आपापल्या मोबाइलमध्ये कोणत्या नावाने ठेवलाय, ते समोर आलं: 'सुरमईवाल्या वैनी नायगाव बी विंग ७०४'.

"साहेब, चोरी नाय केली," तो म्हणाला. "प्लॅन घेतलाय. पावती दाखवू?"

ते नाव अर्नाळ्याच्या मासळीवालीने ठेवलेलं. घरपोच मासळी द्यायची तर ती बिचारी दुसरं काय लिहिणार? कार्यक्रमाच्या दिवशी ती टोपली घेऊन मागे उभी होती. ॲपने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिने 'हो' म्हटलं आणि तिच्या मोबाइलमधली सगळी गिऱ्हाइकं नाव-नंबरासकट कंपनीकडे जमा झाली.

"मी कोनाला काय सांगितलं नाय, साहेब," ती जबाबात म्हणाली. "तुमीच बोल्ले, चांगला हाय, घ्या." मी तेही जबाबात लिहून घेतलं.

हा पत्ता आणखी कोणाला दिला, असं आम्ही कंपनीला लेखी विचारलं. ग्राहकांची गोपनीयता सर्वोच्च असल्याने माहिती देता येत नाही, असं उत्तर आलं. नंबर लपवायची जाहिरात करायची आणि तोच उघडा करायचा दर लावायचा! चोर मी पुष्कळ पाहिले, पण त्यांनी निदान माझ्या हातात बॅनर दिला नव्हता.

घर सोडण्याआधी ती बाई ठाण्यात आली. संरक्षणासाठी नवा पत्ता नोंदवायला अंमलदाराने रजिस्टर उघडलं.

"नाही लिहिलं तर चालेल का, साहेब?" तिने हळूच विचारलं.

मी रजिस्टर मिटायला सांगितलं. ती कुठे गेली ते मला ठाऊक नाही. तिच्या बाबतीत मी धड केलेलं काम तेवढंच.