तेलावरून, हळू आवाजात

आमच्या ग्रुपमध्ये किस्से जमवायला काही करावं लागत नाही. कुणीतरी फक्त विचारायचं, "शॉकमध्ये तेल कुठलं टाकलंस?" बस्स, रविवार गेला!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रॉक क्रॉलर म्हणजे रिमोटवर दगडधोंडे चढणारी हातभर लांबीची गाडी. तिच्या प्रत्येक चाकाच्या धक्के झेलणाऱ्या शॉकअपमध्ये चमचाभर तेल असतं. ते नंबरावर मिळतं, नंबर जितका मोठा तितकं तेल जाड. पातळ घातलं तर चाक खड्ड्यात पटकन उतरतं, पण गाडी डोलते. जाड घातलं तर गाडी शांत राहते, पण चाक हवेत लटकतं. मोबाईल रिपेअरिंगवाला विन्या पातळ पक्षाचा. हायस्कूलचे कांबळे सर जाड पक्षाचे. मी फिजिक्सवाली, म्हणून दोघांचाही माझ्यावर राग.

*

आमची जागा म्हणजे तात्यांची बंद पडलेली चिरेखाण. कापलेल्या जांभ्याच्या पायऱ्या, वर कातळ, कडेला आंबे. रत्नागिरीत दुसरीकडे अशी चढण नाही, आणि किनाऱ्यावर जावं तर गिअरमध्ये वाळू जाते.

परवानगी मागायला गेलो तेव्हा तात्या खाणीलगतच्या घराच्या पडवीत सुपारी कातरत होते. म्हणाले, "खेळा. पण भांडण नको. सख्ख्या भावाशी भांडलो म्हणून ही खाण बंद पडलीय. आवाज वाढला की गेटला कुलूप!"

तेव्हापासून आम्ही कुजबुजत भांडतो. माना खाली, हातवारे जोरात, आवाज शून्य. एकदा तात्यांच्या सूनबाई पाणी घेऊन आल्या, आमचे चेहरे बघून थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, "कोण गेलं?"

*

विन्याला बाहेरून मागवलेलं सिलिकॉन ऑइल पटत नाही. "आपल्या मातीत आपलं तेल!" असं म्हणून त्याने शॉकमध्ये घरचं खोबरेल भरलं. रत्नागिरीच्या उकाड्यात गाडी खरंच झकास चालली. महिनाभर त्याने आमचं जगणं मुश्कील केलं.

मग डिसेंबरात आम्ही देवरूखच्या बाजूला गेलो. पहाटेची थंडी. खोबरेल थिजलं. गाडी जी खाली बसली ती उठेचना!

सर सवयीने तिथेही कुजबुजले, "विनय, तिला ऊन दाखव."

विन्या शांतपणे म्हणाला, "सर, थंडीत मी तरी कुठे उठतो?"

*

सरांच्या घरीही हे लोण पोचलंय. एकदा जेवताना ते म्हणाले, "आज आमटी जरा जाड झालीय."

काकूंनी डाव खाली ठेवला. "मग किती नंबरची वाढू?"

*

माझं म्हणणं साधं आहे. या देशात निदान तीन माणसांनी तरी पुरावा बघून मत बदलावं. म्हणून मी चाचणी ठेवली. एकच गाडी, एकच चढण, तीन फेऱ्या, तेल कुठलं ते फक्त मला माहीत.

पहिल्या फेरीला विन्या कुजबुजला, "हे पातळ. चाक बघ कसं उतरतंय!" दुसरीला सर म्हणाले, "हे निःसंशय जाड." तिसरीला दोघंही म्हणाले, "हे मधलं."

तिन्ही वेळा तेल एकाच बाटलीतलं होतं! मी तसं सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं, "तुझी चाचणी चुकली."

मी ओरडले. खरंच ओरडले.

पडवीचं दार वाजलं. तात्या बाहेर आले. "कोण ओरडलं?"

"टिटवी," विन्या म्हणाला.

तात्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "टिटव्या चष्मा कधीपासून लावायला लागल्या?" आणि जाता जाता म्हणाले, "ही शेवटची. परत आवाज आला तर कुलूप."

*

पुढचा रविवार आम्ही जवळजवळ खुणांवर काढला. तात्या चहाचा कप घेऊन खाणीच्या काठावर उभे होते. बराच वेळ बघत राहिले. मग खाली उतरले. "आण तो रिमोट इकडे."

विन्याची गाडी दोन पायऱ्या चढली आणि उताणी पडली. परत लावली, परत पडली.

"पातळ आहे ना, जरा जपून..." विन्या पुटपुटला.

"पातळ कसलं घालतोस डोंबलाचं! होडीसारखी डोलतेय ती!"

सरांची छाती फुगली. त्यांनी आपली गाडी अदबीने पुढे केली. ती तिसऱ्या पायरीवर एक चाक हवेत धरून अडकली.

"आणि हे काय, सर? शिक्षक ना तुम्ही? पाय जमिनीला नको टेकायला? पुढे पातळ, मागे जाड, एवढी साधी गोष्ट कळत नाय? मेल्यांनो, इतके दिवस येताय, करताय काय?"

आंब्यावरचे कावळे उडाले. रस्त्यावरचा एक स्कूटरवाला थांबून बघायला लागला. सूनबाई धावत पडवीत आल्या. तात्या लालबुंद, रिमोट हवेत, आणि आवाज थेट पलीकडच्या वाडीपर्यंत.

विन्या हळूच पुढे झाला, त्यांच्या कानाशी वाकला आणि कुजबुजला,

"तात्या, हळू. मालक ऐकतील."