नॅशविलमधला हुंकार

नॅशविलला जायचं आमच्या घरात कुणीच ठरवलं नव्हतं. ठरवलं ते एका बाईंनी, फोनवरून, आणि त्या बाईंना आम्ही ओळखतही नव्हतो.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. आम्ही ओहायोत कोलंबसजवळच्या डब्लिनला राहायचो. अजूनही तिथेच राहतो, फक्त तेव्हा घरामागे मक्याचं शेत होतं आणि आता योगा स्टुडिओ आहे. आमची शिल्पा अकरावीत होती. एकोणीसशे साठपर्यंत अमेरिकेच्या दक्षिणेत दुकानांमधल्या लंच काउंटरवर कृष्णवर्णीयांना बसू देत नसत, आणि कॉलेजची मुलंमुली तिथे जाऊन शांतपणे बसून राहिली, त्या आंदोलनावर तिला शाळेत प्रोजेक्ट करायचं होतं. तिच्या टीचरनी आपल्या मैत्रिणीचा नंबर दिला. मिस डेलिया. विद्यार्थिनी असताना त्या काउंटरवर बसल्या होत्या, तुरुंगात गेल्या होत्या, तेव्हापासून कविता करायच्या आणि आता नॅशविलमध्ये हायस्कूलला शिकवायच्या.

फोनवर चार प्रश्न विचारून भागेल असं आम्हाला वाटलं होतं. कसलं काय! बाई म्हणाल्या, "इकडेच ये. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही जुनी मंडळी चर्चच्या तळघरात जमतो आणि कविता म्हणतो. पण रिकाम्या हाताने यायचं नाही. स्वतःची कविता आणायची आणि उभं राहून म्हणायची."

शिल्पा "येस मॅम" म्हणाली, फोन ठेवला आणि पांढरीफटक पडली.

कारण सांगते. त्याच्या दोन वर्षं आधी मंडळाच्या गणपतीत तिला स्टेजवर उभं केलं होतं. चौथ्या ओळीला पोरगी अडकली. अख्खा हॉल चिडीचूप, सगळ्या काकू-मावश्या टक लावून बघतायत, आणि हिच्या तोंडून शब्द फुटेना. रडत खाली आली. त्यानंतर वर्गातसुद्धा ती उभी राहून बोलत नव्हती. मार्क गेले तरी चालतील म्हणायची. कॉलेजचे इंटरव्ह्यू वर्षभरावर आले होते आणि मला रात्रंदिवस तोच घोर लागलेला. त्यामुळे ती स्वतःच जेव्हा म्हणाली, "आय वॉन्ट टू ट्राय, आई," तेव्हा मी लगेच पुऱ्यांची कणीक मळायला घेतली. न जाणो, विचार बदलायची!

स्प्रिंग ब्रेकमध्ये गुरुवारी सकाळी निघालो. तुमच्यापैकी कुणी कोलंबसकडून जाणार असाल तर रस्ता अगदी सरळ आहे: आय-सेव्हन्टीवनने सिनसिनाटीवरून लुईव्हिल, तिथून आय-सिक्स्टीफाइव्हने खाली. एका दमात होतो, पण आमचे श्रीयुत वसंत क्षीरसागर एका दमात काही करत नाहीत. प्रत्येक रेस्ट एरियाला थर्मासमधला चहा, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बॉनेट उघडून इंजिनकडे गंभीरपणे बघणं. इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. केंटकीत मात्र थांबत थांबतच जा, विशेषतः एप्रिलात. रेडबडची झाडं पानांच्या आधी फुलतात आणि हायवेच्या दोन्ही बाजूंनी नुसता गुलाबी-जांभळा गुलाल.

गाडीत वसंताच्या तोंडाचा पट्टा चालू होता. पुण्यातलं कॉलेज, तिथलं गॅदरिंग, स्टेजवरच्या माणसाला पोरं कशी हुल्लड करून खाली उतरवायची, वगैरे. आरशात बघतो तर शिल्पाच्या कानात वॉकमन.

"हुंकार तरी दे गं! लहान होतीस तेव्हा हुंकार दिल्याशिवाय मी गोष्ट पुढे नेत नव्हतो."

ते खरंच होतं. रोज झोपताना तो गोष्ट सांगायचा आणि तिने दर वाक्याला "हं" म्हणायचं. "हं" थांबलं की बाबा समजायचा, पोरगी झोपली. आता पोरगी खिडकीबाहेर बघत ओठातल्या ओठात आपली कविता घोकत होती.

लुईव्हिल सोडल्यावर एका गुजराती काकांच्या मोटेलमध्ये मुक्काम केला. मोटेल स्वस्त आणि स्वच्छ, शिवाय काकूंनी न मागता खिचडी-कढी पाठवली. तेव्हा ही मोठी सोय होती. एक मात्र ध्यानात ठेवा, त्याच्या पुढे घड्याळ एक तास मागे जातं. हे मला आधीच माहीत होतं, वसंताला नव्हतं, आणि मी त्याला सांगितलं नाही. त्यामुळे आयुष्यात एकदाच क्षीरसागर कुटुंब कुठेतरी वेळेआधी पोहोचलं.

मिस डेलिया निघाल्या उंच, सडपातळ, पिवळ्या स्कार्फच्या, आणि चालणं असं झपाझप की आम्ही मागे धापा टाकतोय. आधी जेवायला नेलं. तिकडे एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या अशी थाळी मिळते. भाज्यांच्या यादीत मॅकरोनी-चीज! वसंत म्हणाला, "ही भाजी?" मिस डेलिया म्हणाल्या, "टेनेसीत आहे." तळलेली भेंडी मात्र झकास, मी दोनदा मागवली. हिरव्या पालेभाजीत डुकराचं मांस असतं, खात नसाल तर आधी विचारा. आम्ही नंतर विचारलं.

मग डाउनटाउनमधली ती दुकानांची रांग दाखवली. एका दुकानाच्या बंद काचेसमोर त्या थांबल्या. आत काहीच नव्हतं, नुसते रिकामे रॅक.

"इथे बसले होते," त्या म्हणाल्या. "अठरा वर्षांची. समोर केमिस्ट्रीचं पुस्तक उघडं, कारण सोमवारी टेस्ट होती."

"भीती नाही वाटली?" शिल्पाने विचारलं.

"वाटली ना! म्हणून तर आधी सराव केला. चर्चच्या तळघरात आमच्यातलेच काही जण गुंड व्हायचे. केसांत केचप ओतायचे, कानाशी वाट्टेल ते बोलायचे. आणि आपण गप्प बसायचं. हात उचलायचा नाही, उलट उत्तर द्यायचं नाही."

वसंत भलताच भारावला. "बघ! शिस्त! आपल्या मंडळात लोक दोन मिनिटं शांत बसत नाहीत." हा आमचा मंडळाचा तहहयात अध्यक्ष. कार्यक्रम कुठलाही असो, माइकवरून दर पाच मिनिटांनी "सायलेन्स प्लीज, शांतता!" हे याचं ठरलेलं. पोरं त्याला सायलेन्स काका म्हणायची.

संध्याकाळी चर्चच्या तळघरात गेलो. घडीच्या खुर्च्या, गोडमिट्ट आइस टी, घरी केलेले केक, चाळीस-पन्नास माणसं. बायकांच्या डोक्यावर एकापेक्षा एक हॅट्स. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. आणि मिस डेलियांनी जाहीर केलं, "आमच्याकडे पाहुणा आधी." मला वाटलं होतं, चार जणांचं ऐकून पोरगी जरा सावरेल.

शिल्पा उभी राहिली. तिची कविता हजेरीवर होती. दर सप्टेंबरला नवीन टीचर नावं वाचत येतात, क्षीरसागरपाशी येऊन थबकतात, आणि त्या थबकण्यातच ती हात वर करते, नाव कधी ऐकूच येत नाही.

पहिली ओळ तिने म्हटली, आवाज अगदी बारीक. तोच मागून एक पुरुष ओरडला, "ऑल राइट!" दुसरीला कुणीतरी, "से इट!" तिसरीला ती चाचरली, तर निळ्या हॅटवाली बाई मोठ्यांदा म्हणाली, "टेक युअर टाइम, बेबी!" कुणी टाळी वाजवली, कुणी पाय आपटला.

आणि आमचे अध्यक्ष उठले. मी बाही धरेपर्यंत उभे! दोन्ही हात वर, मंडळातल्यासारखे.

"सायलेन्स! सायलेन्स प्लीज! लेट द गर्ल स्पीक!"

पुण्याच्या गॅदरिंगमध्ये बसल्यासारखं त्याला वाटलं होतं. आपल्या पोरीला हुल्लड करून खाली उतरवतायत!

तळघर एकदम गप्प झालं. इतकं, की आइस टीतला बर्फ ऐकू येत होता. आणि शिल्पा थांबली. चौथीच ओळ. ती माझ्याकडे बघायला लागली, आणि तो गणपतीतला चेहरा मला दिसला.

मिस डेलिया सावकाश उठल्या. मला वाटलं, आता हाकलतात. पण त्या हसत होत्या.

"ब्रदर, तुम्हाला वाटलं आम्ही हिला त्रास देतोय?"

"दे वेअर शाउटिंग," वसंत म्हणाला. कान लाल झाले होते.

"काउंटरवर आम्ही गप्प होतो, कारण समोरचे आपले नव्हते. मग आम्हाला तुरुंगात टाकलं. मुली एकीकडे, मुलगे भिंतीपलीकडे. कुणी कुणाला दिसत नव्हतं. एकीने एक ओळ मोठ्याने म्हणायची, पलीकडून उत्तर यायचं, 'ऑल राइट!' मग दुसरी ओळ. उत्तर आलं म्हणजे कळायचं, माणसं आहेत तिकडे, ठीक आहेत. जीव कासावीस व्हायचा तो पलीकडून काहीच आलं नाही की." त्यांनी शिल्पाकडे बोट केलं. "ती एकटी उभी आहे तिथे. आपण गप्प बसलो तर तिला कसं कळणार आपण आहोत?"

वसंत तसाच उभा होता.

"बाप आहात ना? मग पहिलं उत्तर तुमचं."

बिचारा! तोंड उघडतो, मिटतो. "ऑल राइट" काही त्याच्या तोंडून निघेना. शिल्पा त्याच्याकडे बघतेय. मग तो घसा खाकरून, झोपवताना गोष्ट सांगायचा ना, त्या आवाजात म्हणाला,

"हं."

शिल्पाने मान वर केली. क्षणभर तिला कळलंच नाही. मग ती फिस्सकन हसली आणि चौथी ओळ म्हणाली.

"हं," वसंत.

पाचवी. निळी हॅटसुद्धा, "हंऽऽ!" मागचा तो पुरुष, "हं! ऑल राइट!" अख्खं तळघर हुंकार देत होतं. शेवटी कवितेत ती आपलं नाव स्वतःच पुकारते, ते पूर्ण नाव पोरीने असं ठणकावून म्हटलं की लोक उठून उभे राहिले. मी ढसाढसा रडले, सांगायला लाज कसली! नंतर पोस्टमनपासून आजीबाईंपर्यंत सगळ्यांनी कविता म्हटल्या, आणि सगळ्यांत जोरात "हं" कुणाचं होतं ते सांगायला नको.

परतीच्या वाटेत शिल्पाने वॉकमन कानाला लावलाच नाही. ती बोलतच होती, थेट डब्लिनपर्यंत. वसंताने एकदाही इंजिन बघितलं नाही.

नॅशविलला जाणार असाल तर गाणंबजावणं ऐकाच, लोक त्यासाठीच जातात. पण जमलं तर एखाद्या चर्चच्या तळघरात जाऊन बसा, आणि गप्प बसू नका. त्या वर्षीच्या गणपतीत सायलेन्स काकांनी माइकवरून शांतता मागितली नाही. जोश्यांचा धाकटा श्लोकात अडकला तेव्हा पहिल्या रांगेतून मोठ्याने "हं, पुढे!" आलं. लोक हसले, पोरगं पण हसलं आणि श्लोक पुरा केला. आता आमच्या मंडळात ती पद्धतच झाली आहे.

शिल्पा आज फ्रीमाँटला असते. वकील आहे, कोर्टात उभी राहून बोलते. गेल्या वर्षी वसंताला स्ट्रोक आला. चालतो-फिरतो, पण शब्द अडकतात. त्याला त्याची इतकी शरम वाटते, की माणसं आली की गप्पच बसतो. रविवारी मात्र शिल्पाचा फोन येतो आणि तो तिला गोष्ट सांगायला घेतो, पुण्यातल्या कॉलेजची. दर दोन शब्दांनी अडतो. मी शेजारीच बसलेली असते, पण मधे शब्द पुरवत नाही. स्पीकरवर अजिबात घाई नसते.

"हं, बाबा," ती म्हणते. "टेक युअर टाइम."