तीन महिन्यांचा आखाड

आमच्याकडं नव्या नवरीचा पहिला आखाड माहेरी जातो. आषाढ लागायच्या आत भाऊ नाहीतर वडील येऊन तिला घेऊन जातात आणि महिनाभर तिनं सासूचं तोंड बघायचं नाही, नवऱ्याचंही नाही. माझं लग्न मे महिन्यात झालं. सासर अर्धापूरचं, माहेर लातूरजवळच्या खेड्यात आणि नवरा पुण्यात कंपनीत कामाला. आखाड संपला की मला पुण्याला न्यायचं ठरलं होतं, खोलीसुद्धा बघून झाली होती. आईला वाटायचं, पोरीला माहेरची केवढी ओढ. ओढ होती ती नवऱ्याची, आणि हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

पहिल्याच आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. अंगावर पुरळ, डोळे लाल, बारीक ताप. पुण्यात तेव्हा झिकाचे रोगी सापडत होते. तपासणीत यालाही झिका निघाला. चार-सहा दिवसांत तो खडखडीत बराही झाला. डॉक्टरांनी मात्र त्याला समोर बसवून सांगितलं, की डासामुळं होणाऱ्या या आजाराचा विषाणू बरं वाटल्यावरही पुरुषाच्या वीर्यात बरेच दिवस राहतो, शरीरसंबंधातून बायकोला लागू शकतो आणि तिला दिवस गेले तर पोटातल्या बाळाच्या मेंदूला धोका असतो. ताप आल्यापासून निदान तीन महिने दर वेळी निरोध वापरा, नाहीतर संबंध ठेवू नका. मुलाचा विचार त्यानंतर.

मला त्यानं हे फोनवर अक्षरन् अक्षर सांगितलं. स्वतःच्या आईला सांगताना मात्र जीभ टाळ्याला चिकटली. "डॉक्टरनं तीन महिने जपायला सांगितलंय," एवढं बोलून हा मोकळा. सासूबाईंनी तेच माझ्या बाबांना कळवलं आणि दोन्ही घरांनी मिळून निकाल लावला, की आखाड वाढवायचा. सून दिवाळीपर्यंत माहेरीच.

मला असा राग आला की विचारू नका. लग्न माझं, नवरा माझा, आणि मला कुणी विचारायलाच तयार नाही. आईला आडून आडून सांगून पाहिलं, तर ती म्हणाली, "अन् तिकडं पुण्यात डास चावला म्हंजी?" घरात डासांवर मोहीमच निघाली. आम्ही लातूरकडची माणसं, पाणी साठवल्याशिवाय आमचा जीव थाऱ्यावर राहत नाही. तरी आईनं अंगणातले ड्रम रिकामे करून घासले, कोरडे केले, त्यांना झाकणं केली. चांगलंच झालं म्हणा. हा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि दिवसाढवळ्या चावतो. पण माझं दुखणं ड्रममध्ये नव्हतं.

शेवटी मी आशाताईकडं गेले. गावातल्या बायकांची बाळंतपणं, पोरांच्या लसी, सगळं बघणारी ही बाई. कुणाच्या बापाला भीत नाही. तिनं पहिलं विचारलं, "त्याला ताप आल्यापासून पाळी आली का?" आली होती.

"मग तोंड कशाला पाडलंस? डॉक्टरनं जपा म्हणलं, ताटातूट करा न्हाई म्हणलं. निरोध वापरा, दर टायमाला अन् पहिल्यापासून. पाळणा तेवढा लांबवा. पुण्यातबी डास हायतच, तवा अंगभर कपडे घाल, पाणी उघडं ठेवू नको. तुला ताप-पुरळ आलं तर अंगावर काढू नको."

मी म्हटलं, घरी येऊन सांगा की.

"सांगीन. पण मी गेल्यावर परत तीच कुजबुज व्हनार. संसार तुझा हाय, तूच बोल."

श्रावण लागला तसे नवरा आणि सासूबाई मला भेटायला आले. ओसरीत पोहे झाले. बाबा म्हणाले, "तीन महिने म्हंजी काय लई न्हाईत. दिवाळी झाली की धाडतो."

"मी बी तेच म्हणून राहिले, ईवाई," सासूबाई म्हणाल्या. "पोरीला डास चावला म्हंजी काय करावं?"

नवरा मान खाली घालून पोह्यातले शेंगदाणे निवडत होता. मी चहाचा ट्रे खाली ठेवला. आणि तोंड सुटलं ते सुटलंच.

"बाबा, हे निस्तं डासाचं न्हाई. ह्यांच्याकडून मला लागू शकतं, नवरा-बायको म्हणून राहिल्यावर. त्याला निरोध वापरायचा असतो. एका घरात राहून, एका ताटात जेवून काही होत न्हाई. मला पुण्याला जायचंय."

आई आत पळाली. बाबा उठून म्हशीची धार काढायला गेले. धार काढून तासभर झाला होता. सासूबाई लेकाकडं बघत राहिल्या.

"हे तुला सांगता येत नव्हतं व्हय रे? मी सुनेला डांबून ठेवून राहिले." मग पदर तोंडाला लावून त्या हसायला लागल्या, त्या थांबेचनात. डोळे पुसत मला म्हणाल्या, "बरं केलंस बोललीस. आमच्या येळंला तोंड उघडायची सोय नव्हती." आणि आत हाक मारली, "ईनबाई, पोरीची बॅग भरा."

पुढं दिवाळी होईपर्यंत आम्ही एकदाही नियम मोडला नाही. नंतर झालेली आमची लेक ठणठणीत आहे, आणि आवाज तिनं माझा घेतलाय.

पण निघायच्या दिवशीचं सांगायचं राहिलं. ओसरीवरच्या त्या बोलण्यानंतर बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. आम्ही लातूरच्या स्टँडवर पुण्याच्या बसमध्ये बसलो, तेव्हा ते कुठूनसे घामाघूम आले आणि खिडकीतून एक पिशवी आत दिली. वर आईनं दिलेले धपाटे, खाली वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं. "गाडीत उघडू नको," म्हणाले आणि वळून चालू लागले.

मला कुठला दम निघतोय. गाडी गावाबाहेर पडताच मी सुतळी सोडली. डासांच्या मलमाच्या दोन ट्यूब, आणि निरोधची पाकिटं, चांगली डझनभर. चारचौघांत आईला कधी नावानं हाक न मारलेला माझा बाप मेडिकलच्या काउंटरवर उभा राहून हे मागून आला होता. मला रडूच फुटलं. नवरा घाबरून काय झालं, काय झालं करत होता.

पुण्यात उतरल्यावर मी बाबांना फोन लावला. पोचलो म्हणून सांगितलं. त्यांनी घसा खाकरला, "सामान पुरंल का गं?" एवढं विचारलं, आणि माझं उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवून दिला.