“डोये” म्हटलं की भिंतीकडे

“मी बाबाचा चांद पाह्यला,” असं स्वरा जेवता जेवता म्हणाली आणि माझी त्या रात्रीची झोप गेली.

बाबाचा चांद म्हणजे वेल्डिंगचा उजेड. स्वरा चार वर्षांची आहे. त्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, हे आमच्या घरात देवाला नमस्कार करायच्याही आधी शिकवलं जातं. त्यामुळे मी एका दमात विचारलं, “कधी? कुठे उभी होतीस? किती वेळ? एकदा की दोनदा? डोळे दुखतात का?” तिने घास गिळला आणि तोंड मिटलं. या विषयावर ते पुढे आठ दिवस मिटलेलंच राहिलं.

रात्रभर मी मोबाइलवर वेल्डिंगचा उजेड आणि लहान मुलांचे डोळे याविषयी वाचत पडले. पहाटे डोळे चुरचुरायला लागले. माझे. ती घोरत होती.

ग्राइंडरखाली लोखंडाचा भुसा साचतो ना, तसे आमच्या घरात किस्से साचतात. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी पायाला टोचतातच. ते आठ दिवस काढायला मला त्यांचाच आधार होता, म्हणून सांगते.

*

आधी घराचं सांगू दे. आम्ही रोहिणखेडला राहतो. माझे यजमान, मंगेश, आठ वर्षं कारखान्यात टिग वेल्डिंग करून गावी परतले आणि बैल विकल्यावर रिकाम्या पडलेल्या कोठ्यात त्यांनी वर्कशॉप मांडलं. पातळ पत्र्याची कामं कोणीही करतं. आमच्याकडे येतं ते जाड: पंपाची तडकलेली बॉडी, दाल मिलचा तुटलेला शाफ्ट, बोटभर जाडीची प्लेट.

वेल्डिंग सुरू करण्याआधी मंगेश एकच शब्द ओरडतात. “डोये!”

आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळे म्हणजे डोये. तो शब्द कानावर आला की जो जिथे असेल त्याने तिथल्या तिथे भिंतीकडे तोंड करायचं. सासूबाई तांदूळ निवडताना करतात. दारात आलेली गिऱ्हाइकं करतात. मी स्वराला पुढे घेते, तिच्या पाठीशी उभी राहते आणि स्वतःचे डोळे गच्च मिटते. लग्नाला सहा वर्षं झाली, पण आपला नवरा नेमकं काय करतो ते मी अजून पाहिलेलं नाही. भिंत मात्र पाठ आहे.

*

एक शेतकरी पंपाची बॉडी घेऊन आला. घाईत होता. म्हणाला, “मंगेशभाऊ, दोन टाके मारून द्या फक्त.”

मंगेश म्हणाले, “टाके पाह्यजे तं दवाखान्यात जाय. मी जोडून देतो.”

“किती टाइम लागन?”

“तिले आंधी गरम होऊ द्या लागते. जाड वस्तू हाये, लवकर बोलत नाई.”

तो माणूस दोन तास बसला. तीन चहा झाले. जाताना जोडावरून अंगठा फिरवत म्हणाला, “बोलली बाप्पा एकदाची.”

*

जाड लोखंड थंड असताना वेल्डिंग केलं तर सगळी उष्णता तेच पिऊन टाकतं आणि जोड कच्चा राहतो. म्हणून आधी ते गॅसच्या ज्योतीवर तापवायचं. किती तापलं ते बघायला मंगेशकडे एक बंदूक आहे. घोडा दाबला की आकडा दिसतो. एकदा ऐन वेळी तिचा सेल संपला.

सासूबाई ओट्यावरून उठल्या, तांब्यात बोटं बुडवली आणि प्लेटवर पाणी शिंपडलं. थेंब पसरला आणि नुसता वाफाळला.

“अजून नाई,” त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला गेल्या. दोन भाकरींनंतर परत आल्या. या वेळी थेंब टुणटुण नाचत कडेला गेला.

“टाक आता,” त्या म्हणाल्या.

नवा सेल घालून मंगेशने बंदूक धरली. आकडा बघून ती गुपचूप कप्प्यात ठेवून दिली. तेव्हापासून मोठं काम आलं की कोठ्यातून आधी मंगेशची विचारणा होते, “माय, तुह्या भाकरी कवा हायेत?”

*

त्याच सासूबाईंचा दुसरा किस्सा. एप्रिल महिना, कोठ्यात भट्टी पेटल्यासारखं. टिग वेल्डिंगमध्ये टॉर्चमधून, म्हणजे हातातल्या वेल्डिंगच्या दांड्यातून, एक गॅस येतो. तो वितळलेल्या धातूवर पांघरुणासारखा बसतो. वारा लागला की पांघरूण उडतं आणि जोडाला भोकं पडतात. म्हणून पंखा बंद, कूलर बंद. मंगेश घामाने निथळत होते.

आईच्या जिवाला ते पाहवेना. सासूबाईंनी मागच्या खिडकीत कूलर लावला आणि बटण दाबलं.

मंगेशने तोंडावरची काळी काच वर केली. जोडावर बारीक बारीक भोकं. तासभराचं काम पाण्यात. ते डोकं धरून बसले. सासूबाई वाकल्या, नीट बघितलं आणि मनापासून म्हणाल्या,

“काऊन नाराज होऊन राह्यला बे? जायी तं मस्त पडली.”

धिरड्याला पडते तशी जाळी. मंगेश इतके हसले की पुढचा अर्धा तास त्यांचा हात स्थिर होईना.

*

वेल्डिंग झाल्यावरही जाड वस्तू एकदम उघड्यावर ठेवायची नाही. झटक्यात निवली तर तडकते. मंगेश तिला जाड, न जळणाऱ्या कापडात गुंडाळून कोपऱ्यात ठेवतात. सासूबाई म्हणतात, बाळंतिणीच्या खोलीत ठेवलं.

स्वराने ते ऐकलं होतं. दाल मिलचे मालक शाफ्ट न्यायला आले. धिप्पाड माणूस, आवाज असा की शेजारची कोंबडी उडावी. दारातूनच, “झाला काय रे माहा शाफ्ट?”

स्वरा ओठांवर बोट ठेवून समोर उभी राहिली. “हयू. लेकरू झोपलं.”

त्यांनी कोपऱ्यातलं गाठोडं पाहिलं. चपला काढल्या. खाटेवर बसून राहिले. तासाभराने माझ्याकडे वाकून अगदी कुजबुजत विचारलं, “वहिनी, उठलं काय लेकरू?”

*

आता माझी फजिती. ‘चांद’ पाहिल्याच्या तिसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या ताईंनी मला बोलावलं. चेहरा गंभीर.

“मॅडम, राग मानू नोका. तुमी घरी पोरीले भिंतीकडं तोंड करून उभं करता काय?”

मी बी.एड. आहे. बालमानसशास्त्रात मला पहिला वर्ग होता. मुलांना शिक्षा करू नये यावर मी निबंध लिहिला आहे.

“काय झालं?”

“मी इचारते, नाक कुठं? दाखवते. कान कुठं? दाखवते. डोये कुठं म्हटलं, का उठते आन भिंतीले तोंड लावते.”

मी सगळं समजावून सांगितलं. ताई खूप हसल्या, मला चहा पाजला. मी घरी येऊन ठरवलं की यापुढे स्वरासमोर शुद्ध बोलायचं. डोळे म्हणजे चेहऱ्यावरचे आणि डोये म्हणजे बाबांचा हुकूम. तिला फरक लगेच कळला. कळायला नको होता तो हुकूम अंगणवाडीतल्या बाकीच्या पोरांना कळला. शुक्रवारी ताईंचा फोन आला.

“मॅडम, आता तं पूर्ण अंगणवाडी भिंतीकडं पाह्यते. सुपरवायझर येऊन गेल्या. एका पोट्ट्यानं त्यायले सांगतलं, डोये माघं असतेत.”

*

हसत होते, पण प्रश्न तसाच होता. स्वराने तो उजेड कधी पाहिला? माझी पाठ कधी वळली होती? मी रोज दिवसातून दहा वेळा तिच्या पापण्या उचलून बघत होते.

मंगेश म्हणाले, “तू तिले इचारू नोको. तिले सांगू दे.”

“आणि तोपर्यंत काही झालं तर?”

“तं डाक्टरले दाखवू. पण तू इचारू नोको. तू इचारते तवा ती अजून थंडी पडते.”

मला राग आला, कारण ते मला पंपाच्या बॉडीबद्दल बोलल्यासारखं वाटलं. मग वाटलं, मलाही कोणीतरी आधी गॅसवर धरायला हवं.

आठव्या दिवशी बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. आत एक वयस्कर सहायक होते, प्रेमळ. हातात छोटी बॅटरी. ते स्वरासमोर बसले आणि म्हणाले,

“चाल बेटा, डोये!”

स्वरा गर्रकन वळली आणि भिंतीवरच्या तक्त्याला नाक लावून उभी राहिली.

सवय वाईट. मीही वळले. तिच्या पाठीशी उभी राहिले आणि डोळे गच्च मिटले.

तेवढ्यात दार उघडल्याचा आवाज आला. डॉक्टर आत आले होते. ते शांतपणे म्हणाले,

“पेशंट कोण आहे यातलं?”

तपासणी झाली. डोळे ठणठणीत, स्वराचे. माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही मात्र थोडं झोपत जा.”

*

येताना बसमध्ये ती माझ्या मांडीवर होती. प्रश्न जिभेच्या टोकावर आला होता. पण मी विचारलं नाही. विचारलं नाही यासाठी मला कोणी शाबासकी दिली नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठ्यात मोठी प्लेट लागली होती. मी मंगेशचा चहा घेऊन गेले. माझ्यामागे स्वरा. कप ठेवते न ठेवते तोच आवाज आला.

“डोये!”

आम्ही वळलो. ती पुढे, मी तिच्या पाठीशी, हात तिच्या खांद्यावर. मागे तो सूं असा आवाज सुरू झाला. माझे डोळे नेहमीप्रमाणे मिटलेले. माझ्या बोटाला हिसका बसला.

“आई, पाह्य ना. आला चांद.”

मी झटकन डोळे उघडले. तिचं तोंड भिंतीकडेच होतं. बोटही भिंतीकडेच होतं. मधली माझी सावली सोडली तर चुन्याची सगळी भिंत निळी-पांढरी थरथरत होती.

मी शक्य तितक्या हळू विचारलं, “तू म्हणालीस तो हाच का गं? भिंतीवरचा?”

“हाव,” ती म्हणाली. “पण सारा नाई दिसत. मधात तू असते ना. एवढी मोठ्ठी.”