ॲल्युमिनियमची मूठ
मेटल पॉलिशचा वास आला की मला ओहायोतली ती खंडेनवमी आठवते. त्या दिवशी आम्ही हत्यारांची पूजा करतो, हे मी शेजारच्या ऐंशीच्या अमेरिकन गृहस्थांना सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी आपलं जुनं, पॉइंट टूटू बोरचं छोटं रिव्हॉल्व्हर, रिकामं करून, पूजेसाठी माझ्याकडे दिलं. मुठीची चौकट काळी होती, फक्त मागच्या बाजूला पांढरा धातू चमकत होता. मला वाटलं, स्टील आहे आणि वर काजळी बसलीय. तांब्याची भांडी घासावीत तशी मी ती पॉलिश पेपरने आणि मेटल पॉलिशने घासून लख्ख केली. सकाळी ते आले, कोणी न सांगता बूट दारात काढले आणि मूठ बघून थबकले. "ही ॲल्युमिनियमची," ते हळूच म्हणाले. "स्टीलची जड, माझ्या बायकोला पेलायची नाही. ती जाईपर्यंत चाळीस वर्षं धरून धरून तिच्या तळव्याने मागचा तेवढाच काळा थर झिजवला होता." इंजिनिअर असून मला तो हात दिसला नव्हता. चूक कबूल करायला तोंड उघडलं आणि बोललो, "पूजेआधी आमच्यात असंच करतात." "मग ठीकच झालं," असं म्हणून ते दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसले, रिव्हॉल्व्हरवर झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. इतक्या श्रद्धेने माझ्या देवघरापुढे कोणीच कधी बसलं नव्हतं, मीसुद्धा. आता दरवर्षी तेच विचारतात, "तुमची पूजा कधी?" आणि येताना रिव्हॉल्व्हर स्वतः घासून आणतात. मी त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही.