मुंगळ्यांची खानेसुमारी

पिशोरजवळ माझ्या मामांची मोसंबीची बाग आहे. आमच्या घराण्यात शेतीचं कॉलेज शिकणारा मी एकटाच, त्यामुळे पानं पिवळी पडण्यापासून कुत्रा जेवेनासा होण्यापर्यंत सगळ्याचा जाब मलाच विचारत.

त्या वर्षी मामांनी मुंगळ्यांवर औषध फवारायचं जाहीर केलं. तोडणीला आलेल्या बायका चावे खाऊन काम टाकून जात होत्या. इकडे मामी रोज सकाळी त्याच मुंगळ्यांना पीठसाखर घालायची. फवारणीचं नाव निघाल्यापासून तिनं मामांशी बोलणंच बंद केलं. 'ताट वाढलंय' हेसुद्धा ती भिंतीला सांगे. मामा पार कावून गेले होते, पण चारचौघांत बोलून बसलेला माणूस माघार घेणार कशी? शेवटी तह झाला. मी मुंगळे मोजायचे. लई निघाले तर फवारणी, थोडे निघाले तर जीवदान. माझं मन मामीकडे होतं, पण मुंगळे थोडेच माझं ऐकणार होते.

पद्धत मी दोघांना समजावली. वारुळापाशी थोडे मुंगळे पकडायचे, पाठीवर रंगाचा ठिपका देऊन सोडायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पकडायचे. ठिपकेवाले थोडेच सापडले तर आत तुफान गर्दी. सगळेच ठिपकेवाले निघाले, तर काल रंगवले तेवढेच मुंगळे.

रंग म्हणून गुलमंडीच्या बाजारातून लाल नेलपॉलिश आणलं. वहिनी गोऱ्या की सावळ्या, असं दुकानदारानं विचारलं. काळ्या, पण कमरेत बारीक, असं मी सांगितलं. त्यानं घाईघाईनं बाटली बांधून दिली.

दिवसभर उकिडवं बसून मी मुंगळे रंगवले. मामी मधूनमधून येऊन कौतुकानं बघून जायची.

दुसऱ्या दिवशी मामा-मामीसमोर वारुळापाशी मुंगळे पकडून परातीत टाकले. प्रत्येक मुंगळा लाल! मी परात पुन्हा पुन्हा निरखली. मामी शांतपणे म्हणाली, "तू थोड्यांनाच कुंकू लावलं. बाकीच्यांनी काय घोडं मारलं व्हतं? मी सकाळी पिठातच कुंकू कालवून घातलं, समदे माखले."

मोजणी बाद झाली, पुन्हा करावी लागेल, असं मी मामांना सांगू लागलो. त्यांनी हातानंच थांबवलं.

"सगळे लाल. म्हंजी रंगवले तेवढेच. तूच म्हणला व्हता ना?"

म्हणालो तर होतोच.

"मंग एवढ्याशा मुंगळ्यांसाठी कोण फवारतंय," मामा गंभीरपणे म्हणाले. वारुळावर पाय पडल्यामुळे ते मघापासून एका पायावर नाचत पायजम्यातले मुंगळे झटकत होते.

मामीनं त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"चहा टाकू का?"

"व्हय," मामा नाचता नाचता म्हणाले, आणि लाजले.