चौथीचा अख्खा वर्ग नापास

कुरुळीजवळच्या एका लहान शाळेत मी चौथीला शिकवत होते, त्या वर्षी माझं सगळं भांडण कॉपीशी होतं. एका बाकावर तीन मुलं. गणिताची चाचणी दिली की मधल्याचं उत्तर दोन्ही बाजूंना पसरायचं. मधल्याचं चुकलं तर तिघांचं चुकायचं, आणि तेही त्याच आकड्यानं. मी बाकं वाढवून मागितली तर मुख्याध्यापक म्हणाले, "ठेवू कुठं मॅडम? गच्चीवर?"

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील पिंपरीत कामगार संघटनेचं काम करायचे, आणि गेटवर वाटायच्या पत्रकांच्या घड्या आम्ही भावंडं घालायचो. वाचायला मी त्यांवरच शिकले. 'जाब विचारा' हे दोन शब्द मला बाराखडी पुरी व्हायच्या आधी ओळखता यायचे. त्यामुळे शेजाऱ्याचं उत्तर काही न विचारता उतरवून घेणारं मूल दिसलं की माझं डोकं फिरायचं. त्या मुलात मला उद्या न वाचता सही करणारा कामगार दिसायचा. जरा जास्तच दिसायचा.

एक मुलगी तेवढी वेगळी होती. फळ्यावर माझं काही चुकलं की तीच उठायची. "मॅडम, हातचा राहिला." मला मनातून फार बरं वाटायचं. तिचे आईवडील लातूरकडून आलेले. आई चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार होती, तयार झालेले पार्ट तपासायच्या कामावर.

शाळेत येण्याआधी मी वर्षभर एका कंपनीच्या स्टोअरमध्ये एक्सेलवर काम केलं होतं. त्यात एक सूत्र असतं, ते आपण सांगितलेल्या दोन आकड्यांमधला कुठलाही आकडा आपणहून उचलतं. ते वापरून मी प्रत्येक हजेरी क्रमांकाला वेगळे दहा गुणाकार काढले. शेजारच्या रकान्यात उत्तरं आपोआप येत होती. आता बघू कोण कोणाचं उतरवतं! सोमवारी प्रश्न छापून आणले आणि चाचणी घेतली. मुख्याध्यापकांनी कागदांचे फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले, 'संगणकाधारित मूल्यमापन' असं लिहून. बुधवारी मी त्याच फाईलमधून उत्तरांची यादी छापली आणि क्रमांक लावून तपासत गेले. गणिताकडे बघतसुद्धा नव्हते, फक्त उत्तर जुळतं का ते बघायचं. म्हणूनच तर यादी केली होती.

जवळजवळ सगळ्यांना शून्य. दोघांना एकेक मार्क.

इथं मी थांबायला हवं होतं. पण मला धक्कासुद्धा बसला नाही. उलट, मी म्हणत होते ते खरं निघालं असं वाटलं. कॉपी बंद केली आणि खरं रूप बाहेर आलं. वर्गात मी अर्धा तास बोलले. दुसऱ्याच्या जिवावर जगणं म्हणजे काय, वगैरे. पोरं खाली मान घालून ऐकत होती. मग मी प्रत्येकाला त्याचा कागद आणि बरोबर उत्तरांची पट्टी कापून दिली आणि घरून दुरुस्ती करून आणायला सांगितलं. एकानंही हात वर केला नाही. त्या मुलीनंही नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर तिची आई कंपनीच्या कपड्यांतच शाळेत आली.

"मॅडम, पोरगी गणिताची वहीच उघडंना. हात लावला की रडायली. म्हणती, मला येतच नाही."

"चाचणीत शून्य आहे ताई. तिच्याकडून मलाही ही अपेक्षा नव्हती."

"अन् बाकीच्या पोरांना?"

"जवळजवळ सगळ्यांनाच."

"सगळ्यांना?" तिनं पिशवी टेबलावर ठेवली. "मॅडम, राग येऊ देऊ नका. आमच्याकडं अख्खा लॉट रिजेक्ट निघाला ना, तर पार्टला कुणी हात लावत नाहीत. आधी मोजायचं गेज चेक करतेत. ज्यानं मोजलं तेच खराब असंल तर?"

तिनं पिशवीतून मुलीचा कागद काढला. छत्तीस गुणिले सात. खाली मुलीनं ४१५ लिहिलं होतं, पण त्याखाली खोडलेल्या आकड्यांचा डाग होता. इतकं जोरात खोडलं होतं की कागद फाटायला आला होता. आई बोट ठेवून म्हणाली, "तीस सत्ते दोनशे दहा. सहा सत्ते बेचाळीस. दोनशे बावन्न. तिनं तेच लिहिलं होतं की!"

मी लॅपटॉप उघडला. फाईल उघडली आणि पडद्यावरचे सगळे आकडे माझ्यासमोर बदलले. एका रिकाम्या चौकटीत काहीतरी टाइप केलं, पुन्हा बदलले. आई वाकून बघत होती. "अगं बाई, हे तर हलायलंय!"

ते सूत्र दर वेळी नवे आकडे उचलतं. सोमवारचे प्रश्न आणि बुधवारची उत्तरं यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता. एक्सेल त्याच्या नियमानं वागलं. मी आकडे कायमचे करून ठेवले नव्हते. पण माझी चूक एवढ्यावर संपत नाही. इतकी मुलं घरी बसून आपली बरोबर उत्तरं खोडत होती, आणि मी त्यांना स्वाभिमान शिकवत होते.

मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो, केंद्रप्रमुखांनी ग्रुपवर अंगठा दिलाय त्या फोटोला! पुन्हा चाचणी घ्या, मार्क बदला, विषय मिटला. पोरांपुढं आपली चूक सांगायची नसते. उद्या डोक्यावर बसतील."

"बसू दे सर."

"तुम्हाला काय, तुम्ही पत्रक काढून मोकळ्या व्हाल. पालकांना उत्तर मला द्यायचंय."

मी वर्गात सांगितलंच. यादी चुकीची होती, तुमचं बरोबर होतं, चूक माझी. मला वाटलं गोंधळ होईल, पोरं चिडतील. मागच्या बाकावरून फक्त एक आवाज आला, "मग मॅडम, शून्य तुम्हाला?" सगळे हसले. मीही हसले. दोन मिनिटांत वर्ग ते विसरून डब्यांकडे वळला.

ती मुलगी हसली नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसले, कोरा कागद दिला आणि तेच गणित पुन्हा घातलं. तिनं मांडलं. सहा सत्ते बेचाळीस, दोन लिहिले, हातचे चार. ओठ हलत होते. पुढचं तिला येत होतं, मला दिसत होतं. मग पेन्सिल थांबली.

"आधी तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मग लिहिते."

"मी नाही सांगणार. तुला काय वाटतं ते लिही."

"पण तुमच्याकडं काय आलंय?"

"माझ्याकडं काहीच नाही. हे बघ, हात रिकामे आहेत."

तिनं माझ्या हातांकडे बघितलं, मग टेबलावरच्या बंद लॅपटॉपकडे. कागदावर फक्त एककाचा दोन होता. बरोबर उत्तर मॅडमकडंच असतं, हे मी पढवलेलं तिला इतकं पक्कं झालं होतं. घंटा झाली. तिनं कागदाची घडी घातली आणि मला परत दिली.